कानाच्या मशीनचे सेल: देवरुखातल्या पावसाळ्याच्या नोंदी

२ जून २०२४, रविवार

काम काय आहे ते आधी लिहून ठेवते. आमच्या वाडीत कानाचं मशीन असलेली माणसं बरीच आहेत, पण ते लावून फिरणारी फार थोडी. बाकीच्यांची मशीनं कपाटात, देव्हाऱ्याखालच्या खणात, औषधांच्या डब्यात पडून आहेत. विचारलं की सगळे सांगतात "बिघडलंय", आणि उघडून बघावं तर मशीन धडधाकट असतं, सेल मात्र कधीचा संपलेला, नाहीतर आत पांढरी भुकटी जमलेली. ज्याला ऐकू येत नाही तो माणूस हळूहळू बोलायचाही बंद होतो, ओटीवर चार जणांत बसतो पण गप्प, आणि घरातले म्हणतात आता वय झालं. वयाचं काय ते असेल, पण आधी सेल तर बदलून बघा ना.

तर या पावसाळ्यात ही मशीनं चालू करायची आणि मुख्य म्हणजे चालू ठेवायची. मी शाळेत विज्ञान शिकवते, सेलचा व्होल्टेज मोजायला मल्टीमीटर हाताशी आहे, कान तपासून मशीन बसवणारी ऑडिओलॉजिस्ट मी नाही त्यामुळे मशीनच्या सेटिंगला हात लावणार नाही. फक्त सेल, सफाई, आणि दमटपणा.

आज घरोघरी फिरून यादी केली. आईचं कानामागचं बारीक मशीन, कानात पातळ वायर जाते ते, त्याला ३१२ नंबर. बापूंना दोन्ही कानांना, सरकारी शिबिरात मिळालेली, १३ नंबर. कुसुमकाकूंना ऐकू खूपच कमी येतं, त्यांचं पॉवरवालं मोठं मशीन, त्याला ६७५. एका आजींकडे अजून खिशात ठेवायचं डबीवालं आहे, त्याला साधा पेन्सिल सेल चालतो, त्यांची वायर तेवढी तुटलीय.

नंबर लक्षात राहत नसेल तर रंग लक्षात ठेवायचा, कंपनी कुठलीही असो रंग तोच असतो: १० पिवळा, ३१२ तपकिरी, १३ केशरी, ६७५ निळा. पाकिटावर अजून एक नाव छापलेलं असतं, १० म्हणजे पीआर७०, ३१२ म्हणजे पीआर४१, १३ म्हणजे पीआर४८, ६७५ म्हणजे पीआर४४. हे सगळं जाड पेनाने पुठ्ठ्यावर लिहून प्रत्येकाच्या घरात लावलं, कारण मुंबईच्या मुलाला फोनवर "कुठला सेल आणू" याचं उत्तर देता आलं पाहिजे.

६ जून, गुरुवार

सेल आणायला बाजारात गेले. घड्याळवाल्याकडे १३ नंबर मागितला तर त्याने एजी१३ काढून दिला. नावात १३ आहे एवढंच, तो ११.६ मिलिमीटर रुंदीचा आणि आपला १३ नंबर ७.९ मिलिमीटरचा, बापूंच्या मशीनचं दार सुद्धा लागणार नाही. त्याचा दोष म्हणत नाही, त्याच्याकडे रोज तेच विकलं जातं. पण म्हाताऱ्या माणसाने तो दाबून बसवायचा प्रयत्न केला तर दाराची खुंटी तुटते, आणि मग ते मशीन खरंच बिघडतं.

शेवटी रत्नागिरीहून मागवले. सहाचं पाकीट साधारण अडीचशेच्या आत पडलं, म्हणजे एक सेल चाळीस रुपये धरून चाला. घेताना पाकिटामागची तारीख बघायची आणि प्रत्येक सेलवरचा स्टिकर घट्ट आहे ना ते बघायचं, कडेने सुटलेला असेल तर तो सेल दुकानातच जागा झालेला असतो. एकदम वर्षाचा साठाही करून ठेवू नये, दोन-तीन महिन्यांचे पुरेत. आणि फ्रीजमध्ये ठेवायचे नाहीत, आमच्याकडे तीनचार घरांत फ्रीजच्या दारातच निघाले, बाहेर काढल्यावर त्याला पाणी सुटतं आणि ते पाणी नको तिथे जातं. कपाटात, उन्हापासून लांब, बस.

९ जून, रविवार

स्टिकरची भानगड सगळ्यांना नीट समजावून सांगावी लागणार असं दिसतंय, म्हणून आज मापं घेतली.

हे सेल झिंक-एअर. आत जस्ताची बारीक भुकटी आणि पोटॅशियम हायड्रॉक्साईडचं द्रावण, आणि दुसरी बाजू म्हणजे चक्क बाहेरची हवा. सपाट बाजूला, अधिक खूण असते तिथे, सुईच्या टोकाएवढी भोकं असतात, त्यातून ऑक्सिजन आत जातो आणि मगच वीज तयार होते. अर्धा कच्चा माल बाहेरून येतो म्हणून आतली जवळजवळ सगळी जागा जस्ताला मिळते, एवढ्याशा टिकलीत एवढा दम त्यामुळेच. स्टिकर म्हणजे त्या भोकांचं बूच.

स्टिकर असताना मीटरवर १.२ व्होल्टच्या आसपास दाखवत होता. स्टिकर काढला, टेबलावर भोकांची बाजू वर करून ठेवला, आकडा सरकत सरकत १.४ च्या वर गेला आणि तिथे बसला. हे घडायला वेळ लागतो. स्टिकर काढून लगेच मशीनमध्ये घालून दार बंद केलं की आत हवा पुरेशी गेलेली नसते, मशीन पुटपुटतं किंवा चालूच होत नाही, आणि माणूस म्हणतो हा सेलही बाद निघाला, टाका. किती चांगले सेल असे कचऱ्यात गेले असतील! म्हणून नियम केलाय: स्टिकर काढायचा, पाच मिनिटं थांबायचं, मग घालायचा. आईने तिची पद्धत काढली, सकाळी चहा गाळला की स्टिकर काढायचा आणि चहा पिऊन झाला की सेल घालायचा.

एकदा स्टिकर काढला की सेल वापरा नाहीतर नका वापरू, तो उतरत जाणारच. परत चिकटवून तो झोपत नाही. त्यामुळे उद्यासाठी म्हणून आज काढून ठेवायचा नाही.

मीटरबद्दल अजून एक. सेल नुसता मीटरला लावला तर जवळजवळ संपलेलासुद्धा १.२-१.३ दाखवतो आणि आपण फसतो. त्याला थोडं काम देऊन मोजायचं, मी १३ नंबरला दीड हजार ओमचा रेझिस्टर लावून मोजते, म्हणजे एक मिलिअँपियरच्या आतबाहेर करंट जातो. तसा लावल्यावर १.१ च्या खाली घसरला तर तो गेला समजायचा.

१५ जून, शनिवार

आजचा पूर्ण दिवस बापूंच्या बोटांसाठी.

बापूंचं आयुष्य आंब्या-काजूच्या बागेत गेलं, बोटं जाड, टोकाची कातडी राठ, त्यात साखरेमुळे बोटांना कळतच नाही काही धरलंय की नाही. १३ नंबरचा सेल त्यांच्या चिमटीत दिसतच नाही. सून बदलून देते, पण ती सकाळी आठला कामाला जाते आणि सेल दुपारी संपला तर संध्याकाळपर्यंत बापू आवाजाविना. त्यांनी स्वतः बदलायला शिकलं पाहिजे हे मी ठरवूनच गेले होते.

मोठं काठाचं स्टीलचं ताट घेतलं, त्यात पांढरा पंचा पसरला, सेल पडला तर ताटातच पडतो आणि पांढऱ्यावर दिसतो. ताट खिडकीपाशी. आधी मशीन कानातून काढून, उजेडात धरून, नखाने दार उघडायचं. दाराला नखाएवढी खाच असते, ती बापूंना दिसेना म्हणून तिथे लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला उजव्याला आणि निळा डाव्याला, लाल उजवा निळा डावा हीच खूण सगळ्या कंपन्या वापरतात. दार पूर्ण उघडलं की जुना सेल लोहचुंबकाच्या काडीने उचलायचा. ही काडी म्हणजे पेनाच्या टोपणाच्या टोकाला छोटा चुंबक चिकटवलाय, सेलचं कवच स्टीलचं असल्यामुळे टक्कन लागतो. नवा सेलही काडीनेच उचलून दारात ठेवायचा, सपाट भोकाची बाजू दारावरच्या अधिक खुणेकडे. दार हलक्या हाताने बंद. बंद होत नसेल तर सेल उलटा आहे, जोर लावायचा नाही.

पहिल्यांदा सेल ताटात घरंगळला, दुसऱ्यांदा उलटा बसला. बापू म्हणाले, "राहू दे गो, हे आपल्याच्यानं नाय व्हायचं." मी म्हटलं बापू, तुम्ही कलमं बांधलीत आयुष्यभर, त्या पात्याने फांदीला काप घ्यायला किती हलका हात लागतो. ते काही बोलले नाहीत, पण पुन्हा ताट ओढलं. संध्याकाळी बसलो होतो तेव्हा दार लागल्याचा टिक आवाज झाला, त्यांनी कानात घातलं, मशीनची सुरुवातीची धून वाजली असणार कारण त्यांनी मान वर केली आणि सुनेला आतल्या खोलीत हाक मारून विचारलं, कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या.

काढलेला स्टिकर फेकायचा नाही. तो कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात चिकटवायचा. पुढचा सेल बदलला की पुढचा स्टिकर. सेल किती दिवस चालला ते लिहायची गरज नाही, भिंतीवर दिसतं.

२३ जून, रविवार

पाऊस लागलाय. आता खरी परीक्षा.

झिंक-एअर सेल हवा घेतो म्हणजे हवेतला दमटपणाही घेतो. खूप दमट हवेत आतलं द्रावण पाणी ओढून पातळ होतं, खूप कोरड्या हवेत सुकतं, दोन्हीकडून आयुष्य कमी. आणि आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपाटातले कपडेसुद्धा ओलसर लागतात. त्यात घाम, त्यात कानामागे केसांचं खोबरेल तेल. तेलाबद्दल काकूंना स्पष्ट सांगितलं, आधी तेल लावा, हात साबणाने धुवा, मग मशीन. काकूंच्या मशीनच्या माइकच्या भोकात तेल आणि धूळ मिळून काळी खपली बसली होती, कोरड्या मऊ ब्रशने भोक खाली धरून काढली, म्हणजे घाण आत न जाता खाली पडते.

रात्रीसाठी घट्ट झाकणाची प्लॅस्टिकची डबी, तळाशी सिलिका जेलची पुडी, वर जाळीचा तुकडा, त्यावर मशीन. मशीन दार उघडं ठेवून ठेवायचं म्हणजे ते बंदही राहतं आणि आतला ओलावाही निघतो. पण सेल डबीत नाही! सिलिका जेल सेलमधलंही पाणी ओढून घेतं. सेल काढून बाहेर छोट्या वाटीत. हे वाक्य मी सगळ्यांच्या डबीच्या झाकणावरच लिहून ठेवलंय.

केशरी दाण्यांचं जेल आणलंय, ओलं झालं की रंग उतरून हिरवट होतो, मग मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतं. जेवणाच्या भांड्यात मात्र करायचं नाही, त्यासाठी जुनी ताटली वेगळी काढलीय.

मोल्ड म्हणजे कानाच्या मापाचा, कानात बसणारा तुकडा, त्याच्या ट्यूबमध्ये पाण्याचे थेंब साचतात ते वेगळंच. कानातली गरम हवा आणि बाहेरचा गारवा यामुळे थेंब धरतात, आवाज अडतो, आणि लोकांना वाटतं सेल गेला. मोल्ड मशीनपासून सोडवून कोमट पाण्यात धुवायचा, ट्यूबमध्ये रबरी फुग्याने हवा मारायची, पूर्ण सुकल्यावरच जोडायचा. मशीनला पाणी लावायचं नाही, कधीच नाही.

५ जुलै, शुक्रवार

कुसुमकाकूंचं कोडं सुटलं. त्यांचं म्हणणं, "मला तर दोन-तीन दिवसांत सेल लागतो, परवडतच नाही, म्हणून लावत नाही." ६७५ दोन-तीन दिवसांत संपणं शक्यच नाही, पॉवर मशीनमध्येही तो आठवडाभर तरी जायला हवा. त्यांच्याकडचं पाकीट मागून घेतलं तर त्यावर एलआर४४. घड्याळ-कॅल्क्युलेटरचा अल्कलाइन सेल. मागे कुणीतरी त्यांना "साईज तीच आहे, स्वस्त पडेल" म्हणून दिलेला. साईज खरंच तीच आहे, दोन्ही ११.६ बाय ५.४ मिलिमीटर, म्हणूनच तर हे कळत नाही. पण ६७५ मध्ये सहाशे मिलिअँपियर-तासांच्या वर क्षमता, एलआर४४ मध्ये दीडशेच्याही आत. शिवाय अल्कलाइनचा व्होल्टेज पहिल्या तासापासून उतरत जातो, झिंक-एअरचा शेवटपर्यंत सपाट राहतो. काकूंना दुपारनंतर आवाज बसका येतो वाटायचं ते यामुळे.

एकच खूण सांगून आले: स्टिकर नसेल तर तो आपला सेल नाही.

दाराच्या आत तारेच्या पट्टीवर पांढरा थर होता, आधीचा सेल गळलेला. कॉटन बडवर दोन थेंब आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पट्टी पुसली, कोरडी होऊ दिली. पट्टी वाकवायची नाही, ती मोडली की कानाच्या मशीनच्या सेंटरला पाठवण्याशिवाय इलाज नाही. आता निळ्या स्टिकरवाला घातलाय, तारीख कालनिर्णयवर.

१७ जुलै, आषाढी

देवळात भजन होतं. आई पुढे बसलेली, गजर रंगात आला आणि तिचं मशीन बंद. झिंक-एअर असाच संपतो, हळूहळू क्षीण होत नाही, दम असतो तोवर पूर्ण असतो आणि मग थोड्या वेळातच खलास. मशीन आधी टूं-टूं करून सांगतं, पण टाळ-मृदंगात ते कुठे ऐकू येणार. तिच्या बटव्यात जादा सेल होता म्हणून निभावलं, बाहेर ओसरीवर जाऊन तिनेच बदलला. आजपासून सगळ्यांच्या पिशवीत, पाकिटात, चष्म्याच्या घरात दोन-दोन सेल. सुटे नकोत, मूळ चकतीतच, कारण सुट्या नाण्यांना आणि किल्ल्यांना लागून शॉर्ट होतात.

११ ऑगस्ट, रविवार

गणपतीला मुंबई-पुण्याची नातवंडं येणार, त्याआधी हे करून घेतलं. वापरलेले सेल घरात कुठेही पडलेले चालणार नाहीत. लहान मूल गिळतं, आणि मोठी माणसंसुद्धा गोळी समजून गिळतात, अंधुक दिसणाऱ्याला सकाळच्या औषधांत ती चकचकीत टिकली गोळीच वाटते. बापूंचे सेल औषधाच्या डब्यातच होते! तिथून आधी हलवले. गिळला, किंवा मुलाने नाकात-कानात घातला, तर वाट बघायची नाही, उलटी काढायची नाही, घरगुती उपाय नाही, तडक हॉस्पिटल, आणि जाताना पाकीट बरोबर न्यायचं म्हणजे डॉक्टरला कळतं कुठला सेल आहे.

प्रत्येकाला घट्ट फिरकीच्या झाकणाची बाटली दिली. भरल्या की मी गोळा करून ई-कचऱ्याच्या संकलनाला देणार, चुलीत किंवा परसात पुरायचं नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांत असे छोटे सेलही येतात, परत घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे, पण तालुक्याच्या दुकानात अजून कुणी परत घेत नाही. घ्यायला हवेत, मी दुकानदारांना विचारत राहणार आहे.

१४ सप्टेंबर, शनिवार

गणपतीत दमछाक. ढोल-ताशा जवळ आला की मशीन काढा म्हणून सांगत फिरत होते.

मुंबईहून आलेल्या एका काकांकडे चार्जिंगवालं मशीन. रात्री डबीत ठेवलं की सकाळी तयार, सेलला हातच लावायचा नाही. बोटं थरथरणाऱ्यांना हेच बरं यात मला शंका नाही, आणि नवीन घेणार असाल तर विचार जरूर करा. पण आमच्याकडे वादळात लाईट गेली की कधी येईल सांगता येत नाही, त्यांचंही एक दिवस सकाळी रिकामं राहिलं. आणि आतली लिथियम बॅटरी काही वर्षांनी दमली की बहुतेक मॉडेलमध्ये ती सेंटरलाच बदलावी लागते. सेलवाल्याचा फायदा एवढाच की खिशात दोन सेल असले की झालं.

२९ सप्टेंबर, रविवार

पैशाचं. बापूंना दोन मशीनं, १३ नंबर साधारण दहा दिवस धरला तर वर्षाला त्र्याहत्तर सेल, चाळीसने गुणलं तर तीन हजाराला थोडे कमी. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या, वर्षाला दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना एकदाच तीन हजार खात्यात मिळतात, यादीत श्रवणयंत्रही आहे. म्हणजे ती एकदाची मदत आणि बापूंचा एका वर्षाचा सेलचा खर्च सारखाच. १९८१ पासूनची केंद्राची, अपंगांना साधनं देणारी एडिप योजना, २०१७ ची राष्ट्रीय वयोश्री, अशी साधनं बनवणाऱ्या कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीची शिबिरं, मशीन मिळण्याच्या वाटा आहेत आणि त्या चांगल्या आहेत. मशीन दिल्यावर पुढच्या सेलचं काय, हे मात्र त्या दिवशीच विचारलं गेलं पाहिजे. शिबिरात मशीन मिळालेल्या माणसाला सहा महिन्यांनी कुणीतरी भेटून दार उघडून बघावं, मी ग्रामपंचायतीला असं पत्र लिहिलंय, आशाताईंना बरोबर घेऊन मी स्वतः दाखवायला तयार आहे.

१३ ऑक्टोबर, रविवार

कालनिर्णयची पानं गोळा करून एकत्र बघितली. बापूंच्या डाव्या कानाचा सेल उजव्याच्या आधी संपतो, दर वेळी. डावा कान जास्त गेलाय, तिथे मशीनला जास्त जोर लावावा लागतो, बरोबर आहे. आईचा ज्या आठवड्यात ताईशी मोबाइलवरून मशीनमध्येच बोलणं जास्त झालं त्या आठवड्यात लवकर संपला, ब्लूटूथ सेल खातं. जुलैत सगळ्यांचेच स्टिकर जवळजवळ आहेत, सप्टेंबरच्या शेवटी लांब गेलेत. काकूंचे निळे स्टिकर आता दहा-अकरा चौकोन सोडून. त्या रोज लावतात.

दोन मशीनं सेल बदलून, पट्टी पुसूनही चालू झाली नाहीत, ती सेंटरला द्यायची. काकूंच्या मोल्डची ट्यूब पिवळी पडून कडक झालीय, ती पण बदलून घ्यायची. बुधवारी रत्नागिरीला जाणार आहे, येताना केशरी तीन पाकिटं, निळं एक, तपकिरी दोन.